दवा न देणाऱ्याची सनद

मनानं बिघडलेल्या माणसाला समोर बसवून बोलतं करायचं, एवढीच माझी वैदकी. निजामाच्या राज्यात वैदकीला सनद लागू लागली, तसं मला केजच्या तहसिलीत बोलावलं. शाळा माझी दुसरीपतोर. धंदा बंद पडतो का काय, ही धास्ती होती.

तिथल्या पेशकारानं, म्हंजे कारकुनानं, विचारलं, “दवा कोणती देतो बे?”

“दवा न्हाई. ऐकून घेतो.”

तो हसला. “मग तू हकीम न्हाईस. सनद कावून पायजे? जा, ऐकत बस.”

सुटलो होतो. पण मी जागचा हललो न्हाई. “मी हकीमच हाय, तसं लिवा,” म्हणालो.

त्यानं वैतागून लिहिलं: हकीम, विनासनद, वैदकी बंद.

मी ताठ मानेनं निघालो. माझ्या ओसरीवर वाट बघणाऱ्या दुखणाईतांना काय सांगावं, ते मात्र घर आलं तरी सुचलं न्हाई.