काचेला चढलेल्या गोगलगायी

शेजारचा मास्तर कॉलेजात शिकवायचा, पण घरी त्याला धड बोलता येत नसे. काही विचारलं की आधी कानडी वळणाचं "स्वल्प थांबा", मग उत्तर. हलसूरच्या तळ्यावरून सायकलला बरणी अडकवून यायचा, पँट गुडघ्यापर्यंत ओली. बरणीत बारक्या गोगलगायी. जिथं खेकडे फार, तिथं यांचं कवच जाड होतं म्हणायचा.

माझी बायको चुलीपाशीच गेली. त्यानंतर मी घरात पाऊल टाकलं नाही. शेजारून ताट यायचं, ते कट्ट्यावरच खायचो, तिथंच निजायचो. थंडीनं छाती भरली. लोक देवाची इच्छा सांगून गेले. मास्तर बरणी घेऊन आला. एक गोगलगाय त्यानं बोटांनी चिरडून पाण्यात टाकली. बाकीच्या हळूहळू पाण्याबाहेर काचेवर चढल्या.

"वास लागतो अण्णा. त्यांच्यातली एक मेली की कळतं."

मला राग आला. "मला दाखवायला जीव घेतलास होय रे?"

त्यानं बोटं पँटला पुसली.

"आता उतरणार कधी या?"

"स्वल्प थांबा. भूक लागली की उतरतात. खाणं खालीच ना."

"आणि मारणारा खालीच असला तर?"

"तरी उतरतात."

आम्ही बघत बसलो. उन्हं कलल्यावर एकेक उतरली. मास्तर उठला, त्यानं माझं अंथरूण उचललं आणि आत टाकून तो निघून गेला.

मी शिवी हासडली. पण अंथरूण आणायला मला आत जावंच लागलं. चुलीतली राख कुणी काढली नव्हती.