माझा मनी प्लांट आणि ऑफिसातले माळी

कुठल्याही ऑफिसात चार माणसं आणि एक कुंडी ठेवा. कामं होतील की नाही सांगता येत नाही, किस्से मात्र साठायला लागतात. रत्नागिरीतल्या आमच्या विम्याच्या छोट्याशा ऑफिसात ते इतके साठलेत, की कुणाला सांगितले नाहीत तर माझं डोकं फुटेल. तुम्हाला हसायचं तर हसा. मला अजून रागच येतो.

मुळात ती कुंडी ऑफिसात आली तीच रागातून. सकाळी डबे, मुलांची शाळा, मग दिवसभर ऑफिस, म्हणून घरात ठेवायला एक कमी कटकटीचं झाड मला हवं होतं. सासूबाईंना विचारलं, तर शेजारच्या दोघींसमोर म्हणाल्या, "नको गो आणू. तुझ्या हाताला गुण नाही. उगाच मुक्या जिवाचे हाल!"

त्यांच्या परसात अबोली, जास्वंद, सुपारी सगळं माजलेलं. मी लावलेली तुळस दोनदा वाळली, कबूल. पण म्हणून शेजारणींसमोर? त्याच संध्याकाळी मी नर्सरीतून मनी प्लांट घेतला. ठरवलं, हा ऑफिसात खिडकीभर वाढवायचा आणि मग सासूबाईंना बोलावून समोर बसवायचं!

नर्सरीवाला म्हणाला, "ताई, हा सहसा मरत नाही. मारायचा तर मेहनत लागते."

त्याला आमचं ऑफिस माहीत नव्हतं.

* * *

आमचे सावंत साहेब म्हणजे हापूसवाले. बाग पावस गावाकडे, जीव बागेत, देह ऑफिसात. कुंडीभोवती फेरी मारून त्यांनी विचारलं, "याला धरतं काय?"

"काही नाही सर. वेल आहे."

"फूल?"

"नाही."

"मग ठेवलीत कशाला?"

"हिरवं दिसतं म्हणून, सर."

साहेबांनी खिडकीबाहेरचे माड, फणस, आंबा सगळं बोटानं दाखवलं. "आणि हे काय निळं आहे?"

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण महिन्याभरानं मी बँकेत गेले असताना त्यांनी कात्री घेऊन वेलीचे सगळे शेंडे उडवले. "छाटणी केली की फुटवा जोरात येतो!" मी त्या शेंड्यांकडे रोज सकाळी आल्या आल्या बघायचे हो! साहेब असल्यामुळे मला फक्त "थँक यू सर" म्हणता आलं.

* * *

दुसरा त्रास क्लायंटचा. फॉर्म भरता भरता माणूस वेलीकडे बघणार, "खरी आहे की प्लास्टिकची?" म्हणणार आणि उत्तराची वाट न बघता पानाला नख लावणार! एकही पान धड राहिलं नाही.

शेवटी मी कागद चिकटवला: झाड खरे आहे. नख लावू नये.

दुसऱ्याच दिवशी गुहागरचे एक गृहस्थ आले. चष्मा लावून त्यांनी कागद मोठ्यानं वाचला, मान हलवली, आणि नख लावलं. "नाही, लिहायला काय, कोणपण लिहितो!"

* * *

मग पानं पिवळी पडायला लागली आणि मला संशय आला. माती उकरली, तर आत खडे मीठ!

"मीच घातलं," शिरधनकर काका अभिमानानं म्हणाले. काका आमचे सीनियर क्लार्क, राहायला मांडवीला, दारात माड. "माडाला आम्ही मूठभर घालतो. बघा आता कसा उठतो!"

"काका, हा माड नाही!"

"झाडच ना?"

डबा बाजूला ठेवून मी ती माती बदलली. मी ओरडले म्हणून काकांना वाईट वाटलं. म्हणून भरपाई काय केली त्यांनी? सोमवारी सुकटाचं कूट आणून कुंडीत पुरलं. पावसाचे दिवस, खिडक्या बंद, एसी चालू! दुपारपर्यंत क्लायंट नाकाला रुमाल लावून प्रीमियम भरत होते आणि दारात मांजर येऊन बसलं होतं. केबिनमधून साहेब ओरडले, "कोणाचा डबा उघडा आहे?" तर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं!

* * *

काउंटरवरची रेश्मा झाडांचे रील्स बघते. एका सकाळी माझ्या टेबलावर मुंग्यांची रांग. कीबोर्डवरून थेट कुंडीत!

"मॅडम, व्हिडिओत चहा घातलान तर जंगल झालं होतं."

"अगं, चहाचा चोथा असेल, धुतलेला! तू दूध-साखर, आलं घातलेला चहा पाजलास?"

रेश्माचे डोळे पाण्यानं भरले. "पण थंड करून घातला ना, मॅडम!"

* * *

गणपतीला ऑफिस बंद. सुट्टीच्या आदल्या दिवशी मी बेतानं पाणी घातलं. मी विसरेन म्हणून काकांनीही घातलं. काका विसरतील म्हणून रेश्मानं. आणि बायकांचा भरवसा नाही म्हणून साहेबांनी, जाता जाता अख्खी बाटली!

परत आले तर कुंडीचं डबकं झालेलं. वेल हातात घेतली आणि मुळांसकट निघून आली, कुजलेली. मी आयुष्यात पहिल्यांदा ऑफिसात किंचाळले, आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. सासूबाईंचं म्हणणं खरं ठरलं, हेच मला सहन होत नव्हतं.

दोन धड पेरं उरली होती. ती बाटलीत पाण्यात ठेवली, मुळं फुटल्यावर नवीन मातीत लावली, कुंडी खिडकीशेजारच्या कपाटावर चढवली आणि जाहीर केलं, "आता हिला जो हात लावेल त्याच्या गाडीचा क्लेम मी बघणार नाही!" साहेबांच्या गाडीचाही विमा आमच्याकडेच होता. सगळ्यांनी हात आवरले. मीही माती सुकली तरच पाणी घालायचे, एरवी वेळ कुणाला होता? शिमग्यापर्यंत वेल खिडकीवरून खाली उतरली.

* * *

मग मी सासूबाईंना बोलावलं. बाजार करून आल्या, वेलीखाली बसल्या, वरपासून खालपर्यंत बघितलं. काका म्हणाले, "सगळं तुमच्या सुनेचं!"

"हां," सासूबाई म्हणाल्या. "एसीत काय, कायपण जगतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबांनी हाक मारली म्हणून केबिनमध्ये गेले, तर ते सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या स्क्रीनकडे बोट दाखवत होते. स्क्रीनवर सासूबाईंनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, हात वर करून वेलीचा चांगला हातभर तुकडा तोडला आणि पिशवीत माठाच्या जुडीखाली सारला. मग पदर सावरून अशा बसल्या, जसं काही कीर्तनाला आल्यात.

मी काही बोलले नाही. घरी गेल्यावरही नाही. त्याही नाहीत! पुढच्या महिन्यात तो तुकडा ओटीवर बरणीतून तरारून वर आला, आणि त्याच दोघी शेजारणी येऊन बसल्या.

"काकी, मस्त लागलाय हो!" एक म्हणाली. "मला द्या की एक फांदी."

मी चहा घेऊन दारात उभी होते. सासूबाईंनी माझ्या हातातला ट्रे घेतला, तिच्यापुढे कप ठेवला आणि म्हणाल्या, "मागून नेलास तर लागत नाही गो तो. हिच्या ऑफिसात जा. ही केबिनमध्ये गेली, की तोड."