मृत्यू सांगायची घाई नसलेले डॉक्टर

नाडी पंधरा सेकंद मोजायची आणि चाराने गुणायचं, ही माझी युक्ती. कॉन्व्हेंटमधून थेट नर्सिंगला आलेली मी, भराभर उत्तर देण्यात पटाईत. मुकुंदसर तेव्हा नवे निवासी डॉक्टर होते. "पूर्ण मिनिट मोजा, सिस्टर," म्हणाले आणि घड्याळ धरून शेजारी उभे राहिले. खिडकीतला आम्हा दोघांचा चहा गार झाला. सरांच्या पंच्याहत्तरीपर्यंत माझे किती चहा गार झाले असतील!

पुढे सर नागपुरात मेंदूविकारतज्ज्ञ झाले आणि मी त्याच रुग्णालयात अवयवदानाची समन्वयक. मेंदू मृत झाल्याचं ठरवायला सहा तासांच्या अंतराने दोन तपासण्या लागतात. सर त्याआधीही अडून बसत. अंग गार आहे, आधी ऊब द्या. झोपेचं औषध दिलंय, उतरू द्या. प्रत्यारोपणवाले मला फोनवर फोन करत, आणि सर म्हणत, "त्यांना सांगा, तो अजून माझा पेशंट आहे."

नरखेड तालुक्यातला एक तरुण आठवतो. मोटरसायकलचा अपघात. दुसरी तपासणी झाल्यावर सरांनी त्याच्या आईंना "तुमचा मुलगा वारला" असं सरळ सांगितलं. त्यांनी दानाला होकार दिला. सही तेवढी राहिली होती. मी लगेच मौद्याच्या एका शिक्षिकेला मूत्रपिंडासाठी बोलावून घेतलं. मग मुलाची कूस बदलताना सवयीने बोलून गेले, "दादा, जरा वळवते हं."

आईंनी पेन खाली ठेवलं. "अवं बाई, तू तं त्याच्याशी बोलून राहिली. मंग मेला काहून म्हणता?"

सर मला एका शब्दाने रागावले नाहीत, याचाच मला राग आला. त्यांनी स्टूल ओढलं, आईंना बसवलं, त्यांचा हात मुलाच्या छातीवर ठेवला आणि श्वासाची तपासणी पुन्हा केली. श्वास देणारं यंत्र काढलं, नळीतून फक्त प्राणवायू. आठ मिनिटं छाती हलली नाही.

"गेला," आई म्हणाल्या. "पण साहेब, मी नाही देत. मले तो पुरा पाहिजे."

"बरं, आई."

"सर, ती शिक्षिका खाली बॅग घेऊन बसलीय! एकदा तरी समजवा!"

"विचारायला गेलो होतो ना आपण, सिस्टर? मग नकारही घ्यायचा."

शिक्षिकेला सांगायला सर स्वतः खाली गेले. नकार कोणाचा, ते बोलले नाहीत. तिला मूत्रपिंड दीड वर्षाने मिळालं. त्या दीड वर्षासाठी मी सरांना अजून माफ केलेलं नाही.

पण पुढे माझा भाऊ तसाच तिथल्या खाटेवर होता, तेव्हा त्याच स्टुलावर मी बसले. बाहेर फोन वाजत होता. सरांनी उचलला नाही. दानाला हो म्हणायला मला हवा तेवढा वेळ मिळाला.

सर, प्रकृती सांभाळा, आणि आमचे चहा आणखी पुष्कळ वर्षं गार करा.

गौरव समितीसाठी सरांच्या सूचना अशा: शाल नरखेडच्या आईंना, माणूस पाठवून. श्रीफळ मौद्याच्या शिक्षिकेच्या वर्गात फोडावं. सरांचे अवयव, वेळ येईल तेव्हा, ज्याचा नंबर असेल त्याला. दोन्ही तपासण्या झाल्यावर, आणि त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, हो म्हणाल्या तरच. स्टूल कोणालाही द्यायचं नाही. ते तिथेच लागतं.