नीवेसची अमेरिकेला जाणारी इंजिनं

इटलीत, मोदेना शहरातल्या आमच्या कारखान्यात एकाच गाडीची दोन तऱ्हेची इंजिनं बनायची. युरोपात विकायची एर्मेस जोडायचा, अमेरिकेला जाणारी त्याची बायको नीवेस. मी दोघांच्या मधल्या टेबलावर व्हॉल्व्ह बसवायचो, त्यामुळे कारखान्याबरोबर त्यांचा संसारही माझ्या कानावर पडायचा.

अमेरिकेत धुराचे कायदे कडक. म्हणून नीवेसच्या इंजिनात कमी दाबाचे पिस्टन, धुरात ताजी हवा सोडणारा पंप आणि सायलेन्सरच्या आधी धूर शुद्ध करणारा डबा. ताकद त्यामुळे बरीच घटायची.

"काय गं, आजारी बाळं कशी आहेत तुझी?" एर्मेस विचारायचा.

"गुणी आहेत. पहिल्या किल्लीला उठतात. तुझी कार्टी थंडीत किती रडतात ते बघ आधी!"

मला मात्र ती एकदा म्हणाली, "ताकद काढून घ्यायची आणि तरी चालवणाऱ्याला मजा आली पाहिजे. करून बघ म्हणावं त्याला."

पुढे युरोपातही तसाच कायदा आला. एर्मेसनं आपल्या इंजिनाला तो डबा जोडला आणि चाचणीला लावलं. डबा निखाऱ्यासारखा लाल झाला. दुसऱ्या इंजिनाचंही तेच. शेवटी तो नीवेसच्या टेबलापाशी आला.

"जरा येतेस का?"

"मला आजाऱ्यांचं बघायचंय."

"नीवेस, चल ना गं!"

ती गेली. स्पार्क प्लग काढून बघितला, तर काळाकुट्ट. "अरे, किती पेट्रोल पाजतोस याला! न जळलेलं सगळं डब्यात जाऊन पेटतंय."

मग दोघं खांद्याला खांदा लावून भिडली. पेट्रोल बेतानं सोडलं, झडपा उघडण्याची वेळ बदलली, ताकदही बरीचशी परत आणली. इंजिन चाचणीत पास झालं, आणि कारखान्यानं जोडणीचा सगळा विभाग नीवेसच्या हाती दिला. कँटीनमध्ये तोर्तेलिनी पास्त्याची वाटी उंचावून एर्मेस ओरडला, "आजपासून बायकोच माझी साहेब! घरी होतीच!" सगळ्यात जास्त टाळ्या त्यानंच वाजवल्या.

पहिली गाडी नीवेसनंच डोंगरात चालवून बघितली. वळणावळणावर शेजारी बसलेला एर्मेस "हळू, हळू" करत होता. वरच्या गावात बारमधली म्हातारी मंडळी गाडीभोवती जमली.

"उस्ताद, इंजिन तुमचं का?" एकानं एर्मेसला विचारलं.

त्यानं नीवेसला हाताला धरून पुढं केलं. "हिचं आहे. हिलाच विचारा."

नीवेसनं बॉनेट उघडलं आणि म्हाताऱ्यांना एकेक भाग दाखवायला सुरुवात केली.