घंटेचा तुटलेला कान

ती घटना आजही आठवते म्हणावं, तर ती मला कधी सोडूनच गेली नाही.

निजामाचं राज्य जाऊन दोन-चार वर्षं झाली होती. मी जिंतूर तालुक्यात अमीन, म्हणजे आताचा फौजदार. चारठाण्याजवळच्या एका गावाहून कोतवाल धावत आला. "सायेब, देवळातली नवी घंटा पडली. पाटलाचा भाऊ जागीच गेला. लोकं ओताऱ्याला मारायलेत."

मी आणि दोन शिपाई गेलो. घंटा ओतणाऱ्या त्या माणसाला सोडवून चावडीत घातलं, आतून कडी लावली. बाहेर शंभरेक माणूस, हातात कुऱ्हाडी. पाटील दार बडवत होता, "घंटेतलं कासं चोरून शिसं घातलंय यानं! द्या भाहेर त्याला!" आमच्याकडं बंदूक एक. मी पुरता भ्यालो होतो, खोटं कशाला लिहू.

जबानी घ्यायला बसलो. ओतारी गप्प. दोन लगावल्या, तरी गप्प. नुसता दाराकडं बघे.

मग देवळातून येताना उचललेला घंटेचा तुटलेला कान, म्हणजे टांगायची कडी, हातात घेतली. वरून गुळगुळीत, आत अनारशासारखी जाळी. तुटलेली बाजू जवळजवळ सगळी काळी पडलेली, कडेची बोटभर पट्टी तेवढी चकचकीत. म्हणजे चीर आजची नाही, घंटा टांगल्यापासूनची. घंटा वाजेल तशी रोज वाढलेली. शेवटी सगळं वजन त्या पट्टीवर.

"ही जाळी कशानं? साच्यात पाणी गेलतं का रे?"

तो रडायलाच लागला. "त्याचीच वाफ कोंडली, सायेब. रस ओतायच्या आधी पाटलांनी साच्यात गोदावरीचं पाणी शिंपडलं. मी नगं म्हणलो, तर म्हणले, देवाच्या कामात मधी बोलायलास? आता त्यांचं नाव घेतलं तर भाहेरचे जित्ता सोडतेत का मला?"

पाटलाला एकट्याला आत घेतलं. तो तुटलेला कान हातात देऊन सगळं सांगितलं. तो ती जाळी बोटानं चाचपत बसला. मला वाटलं, आता हा नाही म्हणणार आणि आमचं काही खरं नाही.

तो उठला. दार उघडलं. मी बंदूक धरली.

"जा घरी," तो लोकांना म्हणाला. "भाऊ म्या मारला."

गप्प बसलेला माणूस गुन्हेगारच असतो असं नाही. तो कुणाला भितो ते आधी बघावं. मी आधी हात उचलला, ते चुकलंच.

घरी आलो तेव्हा बायकोनं विचारलं होतं, "भ्या वाटलं का?" मी न्हाई म्हणालो. मागच्या महिन्यात ती गेली. तिला खरं सांगायचं राहिलं.