आत्याने पाहिलेली कॉलेजं

माझ्या आत्याने पाहिली आणि नावं ठेवली नाहीत, अशी गोष्ट कर्जत-खालापूर तालुक्यांत उरली असेल असं मला वाटत नाही. आमच्या पोशीरच्या देवळात नवी मूर्ती आली, अख्खा गाव हात जोडून उभा, आणि ही माझ्या कानात म्हणते, "नाक जरा बसकंच झालंय गं." भिसेगावच्या डॉक्टरांनी तिला मरणाच्या दारातून परत आणलं, तर घरी आल्यावर हिची तक्रार काय, त्यांची खुर्ची कुरकुरते! लग्नाचं स्थळ बघायला तिला नेलं, की पोहे यायच्या आधीच ती मागच्या दाराने मोरी बघून यायची आणि घरातल्या म्हातारीला विचारायची, "सुनंला जेवायला किती वाजतात वो?" म्हातारी जरा अडखळली की स्थळ बाद. आणि तिचे हे निकाल बहुतेक खरे ठरत, हा त्यातला सगळ्यात वैताग आणणारा भाग.

आठवीपासून मी तिच्याकडेच वाढले. आईबाबा खोपोलीत, बाबांची कारखान्यात पाळ्यांची नोकरी. आत्याला मूलबाळ नाही, आणि काका गेल्यावर घरात तिच्याशी बोलायला कुणी राहिलं नाही, म्हणून मला तिथे ठेवलं. बारावीचा निकाल लागला तो असा: जीवशास्त्रात एक्याण्णव, रसायनात सत्तर, गणितात सदतीस, भौतिकशास्त्र मध्येच कुठेतरी लटकलेलं. प्रवेश परीक्षेतही तेच रडगाणं. आत्या चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "एकाच ताटात बासुंदी नि कारलं वाढलंय गं कुनी." मला शेतकी पदवी करायची होती. असल्या मार्कांवर कुठे लागेल याचा काही भरवसा नव्हता. ऑनलाइन अर्जात कॉलेजं पसंतीच्या क्रमाने भरायची होती आणि त्यात एक मेख होती. पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं, की ते घ्यावंच लागतं, मग मागाहून हळहळून उपयोग नाही.

"कागदावर काय बी छापतील, आपन बघून येऊ," असं म्हणून आत्याने चपला सरकवल्या. कॉलेजंही तिने स्थळांसारखीच पाहिली. प्राचार्यांना नमस्कारसुद्धा न करता आधी वसतिगृहाची मोरी, मग स्वयंपाकीणबाई, मग फाटकासमोरचा पानवाला. एक सरकारी कॉलेज घाटावर होतं, एसटीने आठ तास. तिथे भाताच्या कितीतरी जातींचे छोटे छोटे वाफे होते आणि प्रत्येकात नावाची पाटी. मी त्या बांधावरून हलेचना. आत्या पाणी पिऊन आली आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "पानी मचूळ हाय. इथं मानूस टिकायचं नाय." मी मुकाट एसटीत बसले. दुसरं लांबचं कॉलेजही असंच बाद झालं.

राहिलं खोपोलीच्या वाटेवरचं नवं खासगी, पोशीरहून रोज जाऊन येऊन करता येण्यासारखं. शेतकी कॉलेज, आणि आवारात औषधाला एक वाफा नाही! हिरवळ आणि रंगवलेल्या कुंड्या. आता आत्या याच्या कशा चिंधड्या करते याची मी वाट बघत होते. तिने फाटकातूनच आत पाहिलं आणि म्हणाली, "बेस हाय."

मोरीसुद्धा न बघता तिने पसंती दिली होती. मी घरात राहावं एवढंच तिला हवं होतं. आता हिला कोणत्या तोंडाने सांगायचं, की मला जायचंय? बाबाही म्हणाले, जवळचं बरं. मी हो म्हटलं.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी आम्ही दोघी नेरळच्या सायबर कॅफेत गेलो. मी जवळचं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकलं. दुकानदाराने विचारलं, "करू का सबमिट?"

"थांब रं," आत्या म्हणाली. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग मला म्हणाली, "त्या भाताच्या वाफ्यांवाल्याचं नाव वर घे."

"अगं, पण तिथलं पाणी..."

"चांगलं गोड व्हतं पानी. दोन तांबे प्याले मी." माझ्याकडे न बघता ती बोलत राहिली. "खोटं बोलले मी. तू गेलीस का घर खायला उठंल, म्हनून बोलले. पन त्या बांधावर तुजं तोंड बगितलंय मी. जा तू. लिव त्याचंच नाव."

दुकानदार उगाच कीबोर्ड पुसत बसला. मी तिथेच, त्या परक्या माणसासमोर, ढसाढसा रडले.

ते कॉलेज मिळालं, दुसऱ्या फेरीत, अगदी काठावर. आता माझं तिसरं वर्ष चालू आहे. आत्या रोज संध्याकाळी फोन करते. मेसच्या आमटीला न चाखताच नावं ठेवते, माझ्या सरांचा आवाज मागून ऐकू आला तर त्यालाही ठेवते. कधी येतेस, हे मात्र तिने एकदाही विचारलेलं नाही. सगळ्यांना नावं ठेवून झाली, की बोलणं संपतं. तिच्या घरात मागे कसलाच आवाज नसतो. मग तीच म्हणते, "ठेव आता, तुजा अब्यास असंल," आणि स्वतः मात्र फोन ठेवत नाही.