फ्यूज काढायला कोणीच आलं नाही

वीज विकणाऱ्या कंपनीशी एकनिष्ठ राहणारा नवरा अख्ख्या मूंटा गावात एकच होता, आणि तो नेमका माझ्या पदरी पडला. क्लेमने चौतीस वर्षं सरकारी वीज मंडळात लाइनमन म्हणून खांबांवर चढउतार केली. मंडळ विकलं गेलं त्याला पंचवीस वर्षं झाली. खांब आणि तारा एकाकडे गेल्या, आमच्यासारखी गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे. तरी जिचं बिल आमच्या पेटीत पडायचं त्या कंपनीला क्लेम 'आपली' म्हणायचा. कोणी स्वस्त दर बघून कंपनी बदलली की हा क्लबात चारचौघांत सुनवायचा, "खाल्ल्या मिठाला जागावं माणसानं!" मीठ कोणाचं आणि खातंय कोण, याचा पत्ता नाही.

पण मला सांगायचंय ते व्हर्ना पास्कोबद्दल. आज मी माझ्या खिडकीत, माझ्या खुर्चीत बसून हे लिहिते आहे ते तिच्यामुळे.

व्हर्ना आमच्या गावची मीटर वाचणारी. तिचा नवरा मासेमारीच्या बोटीवर काम मिळतंय म्हणून डार्विनला गेला तो तिकडचाच झाला. तेव्हा ती तेहतीस वर्षांची होती. मंडळात मीटर वाचायला बाईमाणूस ठेवायची पद्धत नव्हती. साहेब म्हणाला, "बाई, कुत्री चावतील." ही म्हणाली, "नवऱ्यापेक्षा बरी." तिथल्या तिथे नोकरी मिळाली.

पुढची सव्वीस वर्षं ती घरोघरच्या अंगणात शिरत राहिली. खिशात कुत्र्यांची बिस्किटं. आमच्या टिंकरने पाववाल्याची पोटरी फाडली होती, पण व्हर्नाची चाहूल लागली की तो फाटकाशी लोळण घ्यायचा. टिंकर गेला त्याच्या पुढच्या खेपेला तिने मीटरच्या पेटीवर एक बिस्किट ठेवलं आणि पुढच्या घराकडे वळली. मीटरच्या आकड्यांवरून तिला कळायचं, कोणाचा मुलगा परत आलाय, कोणाकडे बाळ झालंय, कोण रात्रभर जागं असतं. पण एका घरची गोष्ट तिने दुसऱ्या घरी कधी नेली नाही. आमच्या गावात हे किती अवघड आहे ते गावकऱ्यालाच ठाऊक.

मग आपला आकडा आपणच कळवणारे नवे मीटर आले आणि व्हर्नाला घरी बसवलं. ती कसली बसते! दर गुरुवारी सकाळी गावच्या जुन्या इन्स्टिट्यूटच्या सार्वजनिक हॉलमध्ये टेबल मांडून ती लोकांची बिलं वाचू लागली. कोणत्या कंपनीचा दर कमी, कोणाची सूट संपली, ते सरकारी यादीत बघायचं आणि तिथूनच कंपनीला फोन लावायचा. कंपन्या तासन्‌तास ताटकळत ठेवतात, फोनवर तेच ते संगीत वाजत राहतं. तेवढ्या वेळात व्हर्ना मोजे विणायची. त्यावरूनच ती कंपन्यांना तोलायची. "ही घोट्यापर्यंतची आहे, बरी आहे. ती दुसरी? अख्खे दोन मोजे होतील, वर टोपी!" फुकट सल्ला, आणि वर लोकरीचे मोजे हॉस्पिटलला दान.

क्लेमने त्या हॉलात कधी पाऊल ठेवलं नाही. "फितुरांचा अड्डा," म्हणायचा.

तीन वर्षांपूर्वी माझी फुप्फुसं निकामी होत चालली. तेव्हापासून हवेतून प्राणवायू गाळून देणारं एक यंत्र कोपऱ्यात चोवीस तास घुमत असतं, आणि मी त्याच्या नळीला बांधलेली, खुंट्याच्या गाईसारखी. यंत्र वीज खातं. बिल वाढत गेलं. गेल्या जुलैत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, थंडी कडाक्याची होती आणि माझ्या लक्षात आलं की क्लेम हीटर लावतच नाही. विचारलं तर म्हणे, "मला उकडतंय." अंगावर मंडळाचा जुना लोकरी स्वेटर, त्यावर कोट, आणि याला उकडतंय! मग एक दिवस त्याच्या टॉवेलला क्लबातल्या साबणाचा वास आला. गरम पाणी वाचवायला हा म्हातारा आंघोळीला बोलिंग क्लबात जात होता.

आमची मुलगी केरिन ॲडलेडला असते. तिने रविवारी फोनवर स्पष्टच सांगितलं, "आई, त्या गारठ्यात तुला तिसरा न्यूमोनिया झाला तर? इथल्या वृद्धाश्रमात दोघांची खोली रिकामी होतेय. महिनाअखेरीला हो की नाही कळवायचंय." पोरीचं चुकत नव्हतं. पण पंचावन्न वर्षं ज्या घरात काढली तिथून एकदा निघालो की परत येणं नाही, हे आम्हां दोघांनाही कळत होतं. क्लेम फोन ठेवून म्हणाला, "बघू." तो 'बघू' म्हणाला की समजावं, हरलाय.

दुसऱ्या दिवशी तो आंघोळीला क्लबात गेल्याबरोबर मी व्हर्नाला फोन केला.

ती दहा मिनिटांत आली. बिल उलटंपालटं करून तिने कपाळाला हात लावला. "हेझल, तुमची सूट सहा वर्षांपूर्वी संपली. तेव्हापासून अख्ख्या गल्लीत सगळ्यात महाग वीज तुम्ही जाळताय. आणि एवढ्या निष्ठेबद्दल कंपनी काही हार घालायला येणार नाही."

"बदललं तर हीटर लावता येईल?"

"हीटर लाव, आंघोळ कर, वर केक भाज."

एवढ्यात क्लेम ओल्या केसांनी दारात. टेबलावरचं बिल बघून त्याचा पारा चढला. "माझ्या घरात फितुरी नको, व्हर्ना!"

"अरे लेका, फितुरी कोणाशी? मंडळ मेलं, त्याच्या बाराव्याला तू आणि मी दोघं होतो. मला घरी बसवलं तेव्हा तुझ्या या 'आपल्या' कंपनीने साधं कार्डही धाडलं नाही."

"तो प्रश्न नाही."

"मग काय आहे? बोल तरी!"

क्लेम भिंतीकडे तोंड करून यंत्राची नळी उगाच सरळ करत राहिला. मला संताप आला. म्हटलं, "क्लेम, तुझ्या हट्टापायी मी परक्या खोलीत जाऊन मरायचं का?"

तेव्हा तो व्हर्नाकडे वळून हळूच म्हणाला, "किती वाजता येईल तो?"

"कोण?"

"फ्यूज काढायला."

मी तोंड उघडलं, पण व्हर्नाने हाताने मला थांबवलं. बारीकसारीक गोष्टीवर खो खो हसणारी बाई, पण त्या वेळी हसली नाही.

"हेझल, आमच्या वेळी तसंच असायचं," ती म्हणाली. "खातं बदललं की मी शेवटचा आकडा लिहायची आणि हा खांबावर चढून फ्यूज काढायचा. नवं नाव लागलं की परत लावायचा."

"शुक्रवारी काढला तर कधी कधी सोमवार उजाडायचा," क्लेम म्हणाला. "एका घरात तान्हं पोर होतं. मला माहीत नव्हतं. सोमवारी गेलो तर बाई त्याला कोटात गुंडाळून बसलेली. हेझल, तुला सोमवारपर्यंत कुठे थांबता येतंय?"

दोन वर्षं हा माणूस निष्ठेच्या गप्पा मारत होता आणि पोटात ही भीती घेऊन थंडीत कुडकुडत होता. मी त्याला हेकट म्हटलं, कंजूष म्हटलं, मनात आणखी काय काय म्हटलं. मला माझीच लाज वाटली.

व्हर्नाने खुर्ची ओढून त्याच्यासमोर मांडली. "ऐक बाबा. खांब तोच, तार तीच, फ्यूज तोच. आता कोणी खांबावर चढत नाही. फक्त बिलावरचं नाव बदलतं. पण माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. आधी यंत्राची नोंद करू, म्हणजे या घराची वीज कोणाला तोडताच येणार नाही, मग दराचं बघू."

नव्या कंपनीला फोन लागला, संगीत वाजू लागलं, व्हर्नाच्या पिशवीतून राखाडी लोकर निघाली. टाच वळून झाल्यावर पलीकडे एक मुलगी आली. व्हर्नाने तिला दराबद्दल अवाक्षर विचारलं नाही. "या घरात एक बाई यंत्रावर श्वास घेते. लिही. आता मला वाचून दाखव. नाही, पुन्हा एकदा, सावकाश. इथे एक लाइनमन ऐकतोय." डॉक्टरचं पत्र त्याच दिवशी गेलं. नोंद झाल्याचा कागद हातात पडल्यावरच क्लेमने सही केली, तीही ओठ घट्ट मिटून.

बदलाची तारीख ठरली बुधवार. त्या बुधवारचं आमचं घर म्हणजे रणांगण. क्लेमने प्राणवायूचं एक जादा नळकांडं आणून माझ्या पायाशी उभं केलं. निवृत्तीच्या वेळी मंडळाने दिलेलं घड्याळ हातात धरून तो सकाळी आठपासून यंत्रासमोर बसला. ओव्हन लावू देईना, म्हणून मी सकाळी वळलेल्या पेस्ट्या, आमच्याकडच्या मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्या, तशाच कच्च्या फ्रिजमध्ये पडून. व्हर्ना नऊला आली. "तू कशाला?" क्लेम गुरकावला. "मोजा अर्धा राहिलाय," ती म्हणाली आणि शेजारी बसली.

दहा वाजले, बारा वाजले. फाटकापाशी गाडी थांबली की क्लेम उठून उभा राहायचा. एकदा पोस्टमन निघाला, एकदा शेजाऱ्याकडचा प्लंबर. यंत्र आपलं घुमतच होतं. दुपारी तीनला मीच कंटाळून म्हटलं, "व्हर्ना, विचार तरी त्यांना, होणार कधी!"

तिने फोन लावला. बोटभर विणून झाल्यावर उत्तर आलं. फोन ठेवून ती क्लेमकडे वळली.

"झालं," ती म्हणाली. "काल रात्री बाराच्या ठोक्याला. तुम्ही दोघं घोरत होता तेव्हा."

क्लेमने घड्याळाकडे पाहिलं, मग यंत्राकडे, मग माझ्याकडे. घड्याळ खिशात टाकलं. उठला आणि हीटर लावला. मग ओव्हन. मग केरिनला फोन. "त्या खोलीला नाही म्हणून कळव," एवढंच म्हणाला. पलीकडून ती बरंच बोलली असावी. हा फक्त "हं, हं" करत डोळे पुसत होता.

तोवर व्हर्नाने माझ्या पायांतल्या सपाता काढल्या आणि ते राखाडी मोजे चढवले. "तुमची नवी कंपनी दीड मोज्याची निघाली, बाकीचा अर्धा तुझ्या नवऱ्याचा," म्हणाली. मला रडू फुटलं आणि खोकलाही आला. दोन्ही एकदम आले की माझी धडगत नसते, पण त्या दिवशी निभावलं.

पेस्ट्या भाजायला क्लेमने बाहेर काढल्या. आमच्या गावात घरच्या माणसांच्या पेस्टीच्या कोपऱ्यावर कणकेचं नावाचं अक्षर लावतात. खाणकामगारांच्या काळापासूनची रीत, अर्धी खाऊन ठेवली तरी कोणाची ते कळावं म्हणून. पाहुण्याची पेस्टी कोरी. मी सकाळी तीन केल्या होत्या, एक क्लेमची, एक माझी आणि एक कोरी.

क्लेम ताटापाशी जरा थांबला. मग कणकेचा उरलेला तुकडा घेऊन त्याने त्या जाडजूड लाइनमनच्या बोटांनी दोन वळ्या वळल्या, वेड्यावाकड्या जोडल्या आणि कोऱ्या पेस्टीवर व्हर्नाचं 'V' अक्षर लावलं.

व्हर्ना ते बघत होती. सव्वीस वर्षं गावातल्या प्रत्येक अंगणात शिरलेली बाई, तिच्या नावाची पेस्टी कोणाच्या ओव्हनमध्ये कधी गेली नव्हती.

"अर्धीच खाईन," ती नाक ओढत म्हणाली. "उरलेली ठेव. उद्या येते."